तीन मासे, एका दिशेने

लुम्बान तोरुआन,
९ फेब्रुवारी १९८७

माझी एदा, नणंद लामरिया, हिला तिच्या एदाचा, भावजय सौलिनाचा, होरास आणि नमस्कार.

पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: सदरा एक, निळ्या चौकड्यांचा. गुडघ्याला चोळायच्या मलमाच्या डब्या दोन. वाचायचा चष्मा एक. बिस्किटांचा पत्र्याचा डबा एक, कोपऱ्यात चेपलेला. बालिगेच्या पोस्टातून सोडवून घ्यायला तीनशे रुपिया लागले, जायला-यायला गाडीभाडं चारशे, आणि डबा चेपला त्याला आम्ही जबाबदार नाही हे ऐकून घेण्यात अर्धा दिवस गेला. माझ्या नावाचं काही नव्हतं. मी शोधलंही नाही. सदऱ्याच्या घडीत एकदा हात घातला तो टाचण्या काढायला.

तुझा भाऊ पोच लिहीत नाही. दरवर्षी म्हणतो, "लिहितो." मानाहानचं "लिहितो" तुला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. चार वर्षं तू त्याला पार्सल पाठवतेस, चार वर्षांत त्याने एक ओळ खरडलेली नाही, आणि तिकडे मेदानमध्ये तू समजत असशील की मीच लिहू देत नाही. म्हणून या वर्षी पोच मी देते. सदरा गळ्याला घट्ट होत होता, बटण पुढे सरकवलं. चष्मा बरोबर आहे.

पोच संपली. पण कागदाची दुसरी बाजू कोरी आहे आणि तिकीट तेवढंच लागणार, म्हणून इकडचं कळवते.

मला यंदा मंडळीच्या महिला संघाची अध्यक्ष केलं. मान म्हणून नव्हे. सभेत पाळकसाहेबांनी विचारलं, "इथे अशी कोण आहे, जिचं कोणाशी भांडण नाही?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तेवढी खाली मान घालून चहाचे पेले मोजत होते. सापडले.

भांडण कशावरून, तर डुकराच्या जबड्यावरून. सुगीच्या सणाला मंडळीने डुक्कर कापलं, वाटे पडले. पाळकांचा वाटा, मंडळीच्या वडीलजनांचा वाटा, घंटा वाजवणाऱ्याचा वाटा, आणि वरचा जबडा गायनमंडळाचा. तो दरवर्षी बोनारची आई घरी नेते, कारण गाणं ती उचलते. यंदा मारिंतानची आई पदर खोचून उभी राहिली. "आम्ही चौदा जणी काय तिथे उन्हाला उभ्या असतो? जबडा मंडळाचा आहे, तोडा आणि वाटा."

बोनारची आई म्हणाली, "तोडून काय वाटणार, दात? सूर मी देते. मी नसले तर तुम्ही पहिलं कडवं एका गावात गाल आणि दुसरं दुसऱ्या गावात."

झालं. त्या रविवारपासून आमच्याकडे दोन गायनमंडळं आहेत. एक सात जणींचं, एक आठ जणींचं. सात जणींनी दोन गीतं गायली की आठ जणी तीन गातात. मग सात जणींना चौथं आठवतं. परवा उपासना सव्वा वाजता सुटली. घरोघरी भात करपला. वडीलजनांच्या बाकावर तुझा भाऊ सगळ्यांदेखत घोरला आणि बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं, जणू मीच त्याला झोपवला.

पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी वेदीवरून सांगून टाकलं की शुभ शुक्रवारच्या प्रभुभोजनाला या दोघी एका बाकावर बसल्या नाहीत, तर दोन्ही मंडळं बंद, आणि गीतं ते टेपवर लावतील. टेपवर! प्रभूच्या मरणाच्या दिवशी! त्या दोघींना बाकावर आणायचं काम माझं. बाकीच्या बायका सुटकेचा श्वास टाकून घरी गेल्या.

आणखी एक. आलं विकायला मेदानला जाते ती मानालूची सासू सांगत होती की तू तिला मंडईत दिसलीस, पोट दिसतंय, पाचवा महिना असावा. खरं असेल तर देवाची स्तुती असो. मी विचारत नाही. कानावर आलं ते लिहिलं.

— सौलिना


२ मार्च १९८७

एदा,

तुझ्याकडून उत्तर नाही. मी काही वाट बघत नव्हते. सोमवारी पोस्टाच्या बाजूने गेले ते चप्पल शिवायला.

चप्पल तुटली ती या दोघींपायी. बोनारची आई वरच्या वाडीत, मारिंतानची आई तळ्याच्या काठाला. दोन आठवड्यांत सहा वेळा वर, सहा वेळा खाली.

बोनारची आई म्हणते, "ती पुढे आली तर मी मागे सरणार नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तू पण पुढे होशील?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

खाली गेले. मारिंतानची आई जाळ्याला गाठी मारत बसली होती. म्हणते, "माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही गं. पण मनात काही नाही हे तिने आधी म्हणायला पाहिजे."

"तिच्या मनात काही नाही हे तिने म्हटलं तर तू येशील?"

"कसं म्हणते त्यावर आहे."

पुन्हा वर. देवाने मला दोन कान दिले ते या दोघींना एकेक वाटून टाकावा असं वाटायला लागलंय. प्रार्थनेला बसते तर डोळे मिटल्यावर प्रभू दिसायच्या ऐवजी जबडा दिसतो. तुझ्या भावाला म्हटलं, तू वडील आहेस मंडळीचा, तू बोल. तो म्हणाला, "बायकांचं आहे." मग नवा चष्मा लावून दोन आठवड्यांचं जुनं वर्तमानपत्र वाचायला बसला.

काल बोनारची आई तांदूळ पाखडत होती. मध्येच म्हणाली, "लामरियाचं पत्रबित्र?"

मी म्हटलं, "पार्सल आलं."

"तुला?"

"घरी."

"हं," म्हणाली आणि सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावला.

एदा, ते "हं" घेऊन मी अख्खी टेकडी उतरले. गावात सगळ्यांना वाटतं की त्यांना सगळं माहीत आहे. आई-बाबा गेल्यावर तुझं माहेर म्हणजे मी आणि तुझा भाऊ. सातव्या महिन्यात तुला मासा भरवायचा मान आमचा होता. त्याला कार्पच लागतो, तीन, सबंध, खवल्यांसकट. मी तिलापी घेऊन आले. पुढे बाळ जगलं नाही. या तीन गोष्टी लोक एका दमात सांगतात, जणू एकीतून दुसरी निघाली. तिलापीने बाळ जात नाही, हे डॉक्टरने तुला सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं. आणि त्या दिवशी बाजारात कार्प नव्हता, हे मी तुला कबरीपाशीच सांगितलं होतं. तू त्यावर काही बोलली नाहीस आणि आजवर बोललेली नाहीस.

असो. मंडळीचं लिहायला बसले होते, भलतीकडे गेले. दोघी एकदाच्या माझ्या घरी जेवायला यायला कबूल झाल्यात. २२ तारखेचा रविवार. प्रार्थना कर, करत असशील तर.

— सौलिना


२५ मार्च १९८७

एदा,

तुझं कार्ड आलं. पंच्याहत्तर रुपियाचं तिकीट आणि त्यावर एकच ओळ: "त्या दिवशी बाजारात कार्प खरंच नव्हता का?" ना होरास, ना खाली नाव. अक्षर मात्र तसंच आहे, शाळेतल्या वहीसारखं. मी कार्ड बायबलात ठेवलंय. तुझ्या भावाने वाचलं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून दिलं.

उत्तर देते. आधी रविवारचं सांगते, म्हणजे मी कोणत्या डोक्याने लिहितेय ते कळेल.

मी भात टाकला होता, भाजी केली होती. समेटाचं मुख्य ताट दोघींनी आपापसात ठरवून आणायचं, असं सांगितलं होतं. इथे माझी चूक झाली. आपापसात ठरवायला त्या आपापसात बोलत होत्या कुठे? साडेबाराला बोनारची आई आली, डोक्यावर झाकलेली थाळी. पाठोपाठ मारिंतानची आई, तिच्याही डोक्यावर झाकलेली थाळी. पाळकसाहेब खूश. झाकणं निघाली. एकीत कार्प. दुसरीतही कार्प. हळद, तिरफळासारखा आमचा आंदालिमान, सगळं यथासांग. मासा ज्याला द्यायचा त्याच्याकडे त्याचं तोंड करायचं, म्हणून दोघींनी तशाच थाळ्या मांडल्या. मधे चटईभर जागा आणि दोन्हीकडचे मासे एकमेकांकडे डोळे वटारून बघतायत.

पाळकसाहेब जाकार्तात वाढलेले. म्हणाले, "वा, दोन दोन मासे! मग अडलं कुठे?"

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, मुलगी देणारं घर मासा आणतं आणि आशीर्वाद देतं. मुलगी घेणारं घर डुकराचं मटण आणतं आणि आशीर्वाद घेतं. दोन्हीकडून मासा आला याचा अर्थ दोघी आशीर्वाद द्यायला आल्यात. घ्यायला कोणी आलेलंच नाही."

"पण मुलगी नक्की कोणी दिली?"

हे त्यांनी मोठ्याने विचारायला नको होतं.

"आम्ही दिली!" बोनारची आई म्हणाली. "माझी सख्खी नणंद हिच्या दिराला दिलीय. साऱ्या गावाने जेवण जेवलंय."

"ती कालची गोष्ट," मारिंतानची आई म्हणाली. "आमच्या घरची मुलगी तुझ्या आजेसासऱ्यांकडे आली तेव्हा तुमच्या छपराला पत्रासुद्धा नव्हता."

"ती चुलत घरातली होती!"

"चुलत होती तर तिच्यापायी आम्हाला दोन म्हशी कशाला मोजल्यात? परत मागायची होतीत एक!"

"म्हशींचं काढू नकोस हां. त्यातली एक आंधळी होती हे तुमच्याकडचेच अजून सांगतात."

"सांगतात ना? मग दिली कोणी आंधळी? तुम्हीच!"

पाळकसाहेब म्हणाले, "भगिनींनो, दोन्ही मासे आपण सगळे मिळून खाऊन टाकू या का?" दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाणी प्यायला मागे गेले ते तिथेच राहिले. मासे गार झाले. रसावर तेलाची साय धरली. एवढे चांगले मासे, एदा, कोणी बोट लावलं नाही.

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अगं, जरा तरी लाज धरा. एका माशावरून प्रभूच्या ताटाला पाठ फिरवणार?"

बोनारची आई शांतपणे थाळी झाकत म्हणाली, "माशाचं तू आम्हाला शिकव. नणंदेला सातव्या महिन्यात तिलापी घालणारी तू."

मारिंतानची आई मऊ आहे. ती मला सोडवायला म्हणाली, "असं नको गं बोलू. बाजारात नव्हताच ना कार्प त्या दिवशी, सौलिना? नव्हता ना?"

मी म्हटलं, "नव्हता."

दोघी आपापले मासे घेऊन गेल्या. वर आणि खाली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, पण कागद संपला.

— सौलिना


६ एप्रिल १९८७

लामरिया,

कागद संपला नव्हता. वहीत अकरा पानं कोरी होती.

कार्प होता. बाजारात शिरल्याबरोबर डाव्या हाताला, पाण्याच्या पाटीत, जिवंत. सहा-सात तरी होते. कोळीण म्हणाली, "सातव्या महिन्याला ना? हे तीन घे, एका मापाचे आहेत." मी भाव विचारला. तिने सांगितला. मी कमी कर म्हटलं. ती म्हणाली, "माय, आशीर्वादाच्या माशाचा भाव करायचा नसतो." मला राग आला की ही मला शिकवते. पुढे गेले आणि तिलापी घेतली, एक तृतीयांश पैशात. पैसे होते माझ्याकडे. कमरेच्या पिशवीत होते, परत आणले. मुलाची फी नव्हती भरायची, घरात कोणी आजारी नव्हतं, यातलं काही सांगता आलं असतं तर चार वर्षांत सांगून मोकळी झाले असते. मी फक्त असा विचार केला की मासा काय, पोटातच जायचा.

तू ताटाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. काही न बोलता खाल्लास. तुझ्या सासरची माणसं समोर बसली होती. तू माझी लाज राखलीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. पुढे कबरीपाशी तू एवढंच म्हणालीस, "एदा, तीन माशांचीच तर गोष्ट होती." आणि मी म्हटलं, बाजारात नव्हता. त्या मातीसमोर उभी राहून म्हटलं. तिलापीने बाळ गेलं असं मी अजूनही मानत नाही, तूही मानू नकोस. पण तुझ्या बाळाला आशीर्वाद द्यायला निघाले आणि वाटेत काटकसर केली, हे मी केलं. आणि तू विचारू नयेस म्हणून खोटं बोलले, तेही केलं.

हे तुला आधी लिहायला हवं होतं. पण झालं उलटं. काल उपासना सुटल्यावर त्या दोघींना मी देवळातच थांबवून घेतलं. पाळकसाहेबही होते. मी म्हटलं, मला जे शांतीचं काम दिलंय ते मी सोडते, कारण मागच्या वेळी मी तुमच्यासमोर खोटं बोलले. कार्प होता. महाग होता म्हणून घेतला नाही.

मला वाटलं, आता दोघी गप्प होतील. डोळे पुसतील. कसलं काय!

"होता?" मारिंतानची आई ओरडली. एवढा आवाज तिने गाण्यात कधी लावला नाही. "आणि मी चार वर्षं तळ्यावर सगळ्यांना सांगत फिरले की नव्हता म्हणून!"

"मी म्हटलं नव्हतं तुला?" बोनारची आई तिला म्हणाली. तिला म्हणाली, एदा! चार महिन्यांत पहिल्यांदा थेट तिच्याशी! "मी तेव्हाच म्हटलं होतं, ही बाई मिठाचे खडे मोजून घालते."

"अगं, पण सातव्या महिन्याला?"

"तेच तर. एक वेळ माझ्याकडे यायचं होतं..."

"...माझ्याकडे यायचं होतं, आमच्या जाळ्यात त्या आठवड्यात..."

"...हिच्या जाळ्यात कार्पच कार्प होते, फुकट दिले असते हिने!"

"फुकट नसते दिले. पण दिले असते."

एक वाक्य सुरू करते, दुसरी पुरं करते. अर्धा तास मला धारेवर धरलं. आई-बाप नसलेल्या पोरीला असं करतात का, मानाहान काय झोपला होता का, झोपलाच असेल, तो देवळातही झोपतो. मी उभी. दोघी बाकावर बसून बोलत होत्या. एका बाकावर, एदा. पाळकसाहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलं की बाक बघा. मी म्हटलं, बघितला. मला तिथे बसायलाही कोणी सांगितलं नाही.

शेवटी हुकूम झाला. आजच्या आज मासे घे आणि मेदानला जा. तीन की पाच, यावर पुन्हा जुंपली. बोनारची आई तीन म्हणते, मारिंतानची आई पाच म्हणते, चूक झालीय तर दोन जास्तीचे. मी म्हटलं, तीनच. जास्तीचे घेतले तर ती म्हणेल, लाच घेऊन आली. हे दोघींना पटलं.

शुक्रवारच्या गीतांचा सराव आता एकत्र चाललाय. आशीर्वाद कोणी कोणाला द्यायचा ते ठरलेलं नाही. जबड्याचंही नाही. त्याला सुगीपर्यंत अवकाश आहे आणि तोवर अध्यक्ष दुसरी कोणी असेल.

आज सकाळी मारिंतानच्या आईकडून तीन कार्प आणले. एका मापाचे. तिने भाव सांगितला, मी भाव केला नाही. तिने दोनदा सांगितला, मी ऐकलं नाही असं वाटून.

मानालूच्या सासूचा हिशोब बरोबर असेल तर तुझा सातवा लागला. माहेर म्हणजे अजूनही आम्हीच आहोत, तुझी इच्छा असेल तर. तू हो म्हटलंस तर शुभ शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी पहाटेच्या गाडीने निघू, मासे इथून शिजवून आणीन. तुझा भाऊ निळा सदरा घालून येईल. बटण आता बरोबर बसतं. तिन्ही मासे एका दिशेला, तोंड तुझ्याकडे. तू त्यांच्याकडे बघ आणि मग माझ्याकडे बघ, आणि सासरच्या माणसांसमोर जे बोलायचं ते बोल. माझी लाज या वेळी राखू नकोस.

नको म्हणालीस तरी तुझा हक्क आहे. तसं लिही. मग हे मासे कोणाच्या ताटात जायचे नाहीत, तळ्यात सोडून देईन. मारिंतानची आई पुन्हा पकडेल आणि पुन्हा मलाच विकेल.

सोबत तिकीट लावलेलं कार्ड ठेवलंय, पत्ताही घातलाय. एक शब्द लिहिलास तरी पुरे. तोवर तिघे मागच्या हौदात आहेत, फिरतायत, आणि रोज ओंजळभर भात खातायत. उलट टपाली कळव.

— सौलिना